मेलेलं झाड कधी मेलं?

माझं जुनिपरचं बोनसाय मेलं तेव्हा ते हिरवं होतं. ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही. दिवाणखान्यात, सोफ्याशेजारच्या टीपॉयवर ते उभं होतं. रोज सकाळी मी त्याला पाणी घालायचे, धूळ बसली की पानांवर फवारा मारायचे. आठवड्यांमागून आठवडे त्याच्यात काही फरक दिसला नाही. मग एका फांदीचं टोक फिकट झालं, हात लावला तर पानं कुरकुरली, आणि बघता बघता अख्खं झाड तपकिरी पडलं. त्याच सुमारास आम्ही दोन दिवस गावाला गेलो होतो. मी धडा घेतला की पाणी चुकलं म्हणून झाड गेलं, आता पाणी चुकवायचं नाही.

तो धडा मनाशी धरूनच मी पुढचं झाड, कामिनीचं, मारलं.

पुण्यात रविवारी सकाळी आपल्या गच्चीवर बोनसाय शिकवणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्याकडे मी कामिनीची हकिगत घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाड कुठंय?" मी म्हटलं, ते टाकून दिलं नाही, घरीच आहे. "मग घेऊन ये ना. मातीसकट आण, कुंडीतून काढू नकोस. मेलेलं झाड बघितल्याशिवाय ते कशानं मेलं हे कसं कळणार?"

पुढच्या रविवारी त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि कामिनी कुंडीतून उपसली. वरचा थर नीट होता. आत मात्र नर्सरीतून आलेला लाल मातीचा गोळा जसाच्या तसा होता, चिकट आणि घट्ट. मी झाड उथळ ट्रेमध्ये लावताना त्या गोळ्याच्या भोवती नवी माती भरली होती, गोळा फोडला नव्हता. काकूंनी तो काडीनं फोडला तेव्हा आंबूस वास आला. मुळं काळी पडली होती. एक मूळ त्यांनी चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आतला बारीक दोरा तेवढा उरला. "ही कुजलेली मुळं," त्या म्हणाल्या. "पानं माना टाकायला लागली तेव्हा तू काय केलंस?"

मी जास्त पाणी घातलं होतं. पान कोमेजलं म्हणजे झाड तहानलेलं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही पानं उठेनात तेव्हा ताकद यावी म्हणून डीएपी खताचे दाणेही टाकले होते.

काकूंनी जे समजावलं त्यानं माझा गोंधळ आधी वाढला आणि मग हळूहळू कमी झाला. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साचून राहिलं की हवा संपते, मुळं गुदमरतात आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे झाड पाण्यात उभं असूनही वर पानांना पाणी पोचत नाही आणि ती कोमेजतात. अगदी तहानलेल्या झाडासारखीच दिसतात! लक्षण एक आणि कारणं परस्परविरुद्ध. अशा वेळी पानांकडे बघून निर्णय घेणारा माणूस दर वेळी पाण्याचा तांब्याच उचलणार. खताचंही तसंच. कुजलेल्या मुळांभोवती खताचे क्षार वाढले की मुळांना पाणी घेणं आणखी जड जातं. आजारी झाडाला खत द्यायचं नाही, नवी पालवी दिसेपर्यंत थांबायचं.

पण माझ्या मनात एक प्रश्न होता. हीच लाल माती, हाच पाऊस, आणि मोठ्या कुंडीतली माझी दुसरी कामिनी धडधाकट होती. मग ट्रेमधलीच का गेली? काकूंनी भांडी घासायचा जाड स्पंज आणला, बादलीत भिजवला आणि तळहातावर आडवा धरला. थोडं पाणी ठिबकलं आणि थांबलं. मग त्यांनी तोच स्पंज उभा केला. पुन्हा पाण्याची धार लागली. मी तो प्रयोग घरी जाऊन परत परत केला, कारण माझा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. कुंडीच्या तळाशी ओल्याचिंब मातीचा एक थर नेहमी राहतो, भोकं कितीही असली तरी. त्या थराची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. खोल कुंडीत मुळांना त्या थराच्या वर भरपूर जागा असते. उथळ ट्रेमध्ये बारीक माती घातली तर जवळजवळ सगळी मातीच तो थर होते. बोनसायची माती वेगळी का असते, याचं उत्तर मला तिथे मिळालं. विटांचे तुकडे चाळून घ्यायचे, साधारण ३ ते ५ मिलिमीटरचे ठेवायचे, भुकटी फेकून द्यायची. दाणे मोठे असले की तो ओला थर पातळ होतो. पावसाची झड लागली की ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवायचा. स्पंज उभा केल्यावर पाणी वाहिलं, तसंच तिरक्या ट्रेमधून जास्तीचं पाणी निघतं.

जुनिपरकडे मग परत वळलो. ते टाकून दिलं होतं, त्यामुळे काकूंना आठवणीवरूनच बोलावं लागलं. जुनिपर घरात जगत नाही. त्याला थेट ऊन आणि मोकळी हवा लागते. दिवाणखान्यात आणलं त्या दिवसापासून ते साठवलेल्या अन्नावर जगत होतं. त्याची खवल्यांसारखी, मेणचट पानं इतक्या सावकाश सुकतात की झाड संपल्यावरही कित्येक आठवडे हिरवी राहतात. म्हणजे गावाला गेले ते दोन दिवस निर्दोष होते. मी पाणी घालत होते, फवारा मारत होते, तेव्हाच कधीतरी ते मेलं होतं. मी झाड तपकिरी पडण्याच्या सुमारास घडलेल्या गोष्टीला कारण समजले आणि खरं कारण टीपॉयवर तसंच राहिलं.

हे समजल्यावर मला भीती वाटायला लागली. आता गच्चीवर जे जे हिरवं दिसतंय त्यातलं जिवंत कोणतं? काकूंनी नख दाखवलं. फांदीची साल नखानं अगदी हलकेच खरवडायची. खाली ओलसर हिरवा रंग दिसला तर फांदी जिवंत, कोरडा तपकिरी दिसला तर गेली. बारीक फांदीपासून सुरुवात करून खोडाकडे यायचं.

आणि ह्याच नखानं माझं एक झाड वाचलं. नांद्रुकाचं झाड मी नर्सरीतून घरी आणलं, गच्चीत ठेवलं आणि त्यानं दहा-बारा पानं सोडून सगळी पानं टाकली. ते फेकायच्या बेतात होते. खरवडलं तर हिरवं! वड-पिंपळाच्या कुळातली ही झाडं जागा बदलली तरी पानं गाळतात. पिंपळ तर दर वर्षी होळीच्या आसपास जुनी पानं टाकून तांबूस पालवी धरतो. हे मी शहरभर बघत आले होते, पण कुंडीतल्या पिंपळाचं पान गळलं की छातीत धस्स व्हायचं. चिंचेनं तर पहिल्याच संध्याकाळी पानं मिटली तेव्हा मी रात्री विजेरी घेऊन तिला पाणी घातलं होतं. चिंचेची पानं रोजच रात्री मिटतात.

मुळं छाटण्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटायचं. जी जपायची तीच कापायची, हे पटत नव्हतं. पण ट्रेमध्ये मुळं गोल फिरत दाटतात, पाणी आत शिरत नाही, मग दर काही वर्षांनी झाड बाहेर काढून मुळं कमी करावी लागतात आणि टोकांना नवी, बारीक मुळं फुटतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात पांढऱ्या पाइनचं एक बोनसाय आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेलं. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते तिथल्याच यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होतं आणि वाचलं. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. ह्या झाडाबद्दल वाचताना मला बॉम्बपेक्षा त्याआधीच्या आणि नंतरच्या साध्या दिवसांचं जास्त आश्चर्य वाटतं. जवळपास चारशे वर्षं कुणीतरी त्याला वेळेवर पाणी घातलं, वेळेवर त्याची मुळं कापली. पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात, असं जपानी माळी म्हणतात. सुरुवातीला मला ती अतिशयोक्ती वाटली होती.

छाटणीचा हंगाम आणि प्रमाण मात्र चुकवून चालत नाही. मुळं कापल्यावर त्याच दिवशी फांद्याही उतरवायच्या, तार गुंडाळायची आणि वर उन्हात ठेवायचं, एवढं सगळं एका झाडावर एकदम करू नये. एक घाव भरू द्यावा, मग दुसरा. काकू तर कमजोर झाडाला वर्षभर हातच लावत नाहीत.

आता मी वही ठेवते. कोणतं झाड कधी हलवलं, माती कधी बदलली, काय कापलं, पावसाची झड किती दिवस होती. पान पिवळं पडलं की त्या दिवसाकडे न बघता दीड-दोन महिने मागची पानं उलटते. ही सवय लागायला मला वेळ लागला, कारण मन आजचंच कारण शोधतं.

सध्या चिंचेची खालची पानं पिवळी पडताहेत. मातीत लाकडी काडी खोचून बघितली, तळाशी चिंब ओल लागली. ट्रे तिरका केला, पत्र्याखाली सरकवला, पाणी बंद केलं, तारीख लिहिली. मागे बघितलं तर जूनमध्ये मी तिची मुळंही छाटलेली आहेत, तेव्हा कारण ओल आहे की छाटणी, हे मला सांगता येत नाही. काकूंनी बजावलंय की नवी पालवी येते की नाही हे दिसेपर्यंत, म्हणजे निदान दिवाळीपर्यंत, वहीत निष्कर्ष लिहायचा नाही.