मागणी नसलेला माग

केळीवाल्याला विचारा, तुझा माल कुठं आहे? तो रावेरच्या बागेकडे बोट दाखवेल. सुतार स्टूल पुढे करेल. आम्हा वीज केंद्रातल्या माणसांची इथं पंचाईत होते. आमचा माल गोदामात राहत नाही. मालेगावात कुणी यंत्रमाग सुरू केला, जळगावात कुणी कूलरचं बटण दाबलं, की त्याच क्षणी ती वीज कुठं तरी तयार व्हावी लागते, आणि ते ‘कुठं तरी’ बऱ्याचदा भुसावळजवळचं आमचं दीपनगर असतं. मागणी वाढली आणि पुरवठा कमी पडला, की कंट्रोल रूममधला फ्रिक्वेन्सीचा आकडा ५०च्या खाली सरकायला लागतो. ४९.९० ते ५०.०५, एवढीच काय ती मोकळीक. कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरमधून निरोप येतो, लोड वाढवा. थोड्या वेळानं, उतरवा. शिफ्टभर त्या आकड्यांवर डोळा ठेवायचा, लॉगशीट भरायची, रिलिव्हरला चार्ज द्यायचा आणि क्वार्टरवर यायचं. ५०० मेगावॉटचा संच रात्रभर चालवलेला असतो. पण सकाळी बायकोला दाखवायला हातात काय, तर रिकामा डबा.

माझ्या मागच्या गॅलरीत माग आला तो बहुधा यामुळेच.

माग म्हणणं जरा मोठेपणाचंच आहे. जुन्या खाटेची सागवानी चौकट, वरच्या आणि खालच्या दांडीत ओळीनं ठोकलेले खिळे आणि त्यांच्यामधून वरखाली ओढलेलं जाड पिळाचं सूत. हा झाला ताणा. धोटा नाही, फणी नाही, पायानं दाबायच्या पट्ट्या नाहीत. धागे बोटांनी उचलायचे, बाणा हातानंच घालायचा आणि जेवणाच्या टेबलावरचा जुना स्टीलचा काटा घेऊन तो खाली ठोकायचा. सराईत विणकराकडे यासाठी लोखंडी पंजा असतो. माझं काट्यावर भागतं.

बाणा चिंध्यांचा. चिंध्यांची निवड हे मात्र शास्त्र आहे. साडी सुतीच हवी. कडेला कात्रीनं बोटभर कापायचं आणि दोन्ही हातांनी ओढायचं; सुती कापड टर्रकन फाटत सरळ शेवटपर्यंत जातं, कारण ते आपल्याच धाग्याच्या रेषेनं फाटतं. नायलॉन असं वागत नाही, त्याच्याशी भांडत बसावं लागतं. अशा पट्ट्यांचे गुंडे वळून ठेवले की टोपलीत घरातल्या माणसांचा इतिहास गोळा होतो. आईचं बारीक चौकड्यांचं लुगडं, मुलीच्या शाळेचा निळा स्कर्ट, कोळशाच्या धुळीनं कायमची राखाडी झालेली माझी युनिफॉर्मची पँट. ही पँट सतरंजीत फार छान दिसते, अंगावर कधी दिसली नाही.

एक धागा वर, एक खाली. पुढच्या ओळीत उलट. विणकाम एवढंच आहे, आणि ते कुणालाही पाच मिनिटांत येतं. खरी अडचण कडांची. पट्टी सरळ ओढून ठोकली की ती कडेच्या धाग्यांना आत खेचते. ओळीमागून ओळ असं होत गेलं, की वीतभर विणून होईपर्यंत सतरंजीची कंबर नाचणारणीला लाजवील इतकी बारीक होते. यावर उपाय आहे. पट्टी आडवी ताणायची नाही. तिला मधे कमान देऊन सैल ठेवायची आणि मग मधून कडेकडे ठोकत न्यायचं. ताण्याच्या धाग्यांवरून-खालून वळणं घेत जायला पट्टीला जास्तीची लांबी लागते, ती त्या कमानीतून मिळते. हे एकदा हाताला कळलं की डोक्याला काही काम उरत नाही. मग हात आपले चालतात आणि माणूस कॉलनीतल्या कुत्र्यांची भांडणं ऐकत बसतो.

नाईट करून आल्यावर झोप येत नाही, हे शिफ्टवाल्या कुणालाही विचारा. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं आणि घरी आल्यावरही त्याची घरघर कानातून जात नाही. पूर्वी मी पेपर वाचत पडायचो, त्यानं उलट डोकं आणखी तापायचं. आता गॅलरीत बसतो. तासाभरात चार बोटं सतरंजी वाढते. वाढते आणि तिथंच राहते, हे मला अजून नवलाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी यावं तर काल विणलेलं तसंच असतं. त्याची फ्रिक्वेन्सी कुणाला सांभाळावी लागत नाही.

उन्हाळ्यात मात्र इथं विणणं ही परीक्षाच. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो, हवा इतकी कोरडी होते की ताण्याचं सूत कडक होऊन तटतट तुटतं. कापसाच्या धाग्याला ओलावा लागतो. दमट हवेत तो अधिक बळकट होतो. सूतगिरण्यांत म्हणूनच हवेत पाण्याचा फवारा सोडतात. हातमागवाले जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसतात, त्यामागेही जमिनीची ओल धाग्याला मिळावी हा एक हिशेब असतो. मी गॅलरीच्या दाराशी कूलर लावतो. म्हणजे माझ्या विरंगुळ्याचा लोडही शेवटी आमच्याच माथी.

खानदेशात कापूस आहे, माग मात्र शोधावा लागतो. जळगावात १८७४ साली वाफेवर चालणारी सूतकताईची आणि विणकामाची गिरणी सुरू झाली, ती खानदेश मिल. तिचा भोंगा थांबून जमाना झाला. १९३६च्या डिसेंबरात इथून जवळच फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मांडव सजवायला शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आलेले. खादी आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन गांधीजींनी केलं. चरखा आणि माग तेव्हा देशाचं काम होतं. त्या मानानं माझं काम अगदीच चैनीचं, हे मला मान्य आहे.

चैन म्हणतो ते विचार करून म्हणतो. हल्ली विणकामाबद्दल बोलताना लोक डोळे मिटून ‘ध्यान’, ‘थेरपी’ असले शब्द काढतात. मागावर पोट असलेल्या एखाद्या माणसाला हे सांगून पाहावं. इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी पिकावर ठरते, म्हणजे इंचात आडवे धागे किती पडले त्यावर. राज्यात लोडशेडिंग जोरात होतं त्या वर्षांत वीज गेली की माग थांबायचा आणि माग थांबला की मजुरी. भिवंडी-मालेगावातल्या त्या अंधारात कुणाला मनःशांती लाभल्याचं ऐकिवात नाही. त्या दिवसांत मी आकड्यांच्या या टोकाला बसलेलो होतो, तेव्हा हे मी जरा अधिकारानं सांगतो. येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांनी सतरंज्या विणल्या, नामांकित विणल्या. विरंगुळा म्हणून विणल्या नाहीत. आणि कबीर? कबिराच्या मागावर विठ्ठल स्वतः येऊन बसला, असं आपले संत सांगतात. यातला भक्तिभाव खरा, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. देवाला मदतीला यावं लागलं, म्हणजे कबिराच्या डोक्यावरही शेला पुरा करून द्यायची घाई असणारच.

तेव्हा शांतता मागात नसते. सूत, लाकूड, खिळे यांत शांत करण्याजोगं काही नाही. उलट गाठी सोडवताना शिव्या येतात. माझ्या सतरंजीची कुणी वाट पाहत नाही, एवढ्यावर माझी शांतता उभी आहे. नोकरीत माझ्या प्रत्येक मिनिटाची कुणीतरी वाट पाहत असतं, तीही मला कधीच न दिसणारी माणसं. गॅलरीतल्या या चौकटीला गिऱ्हाईक नाही, कळव्याचा निरोप नाही. एखाद्या आठवड्यात हात लागला नाही तर कुठंही अंधार होत नाही.

शेजारच्या मावशींना हे पटत नाही. त्या जवळच्या फेकरी गावच्या. वाळवण राखायला गच्चीवर जाताना माझ्या दाराशी थांबतात.

“काय करून राह्यले भाऊ?”

“सतरंजी.”

“बाजारात दीडशेला भेटते ना!”

“भेटते की.”

“मंग?”

या ‘मंग’चं उत्तर मला आलेलं नाही. मावशी मात्र थांबतात, चौकटीतल्या विणीवरून हात फिरवतात आणि माझी कड डावीकडे कलली आहे हे अचूक सांगतात. त्यांच्या हाताला गोधडीची सवय आहे. बाज विणताना सुंभाची चौकडी कशी धरायची हेही त्यांनीच मला दाखवलं, आणि त्यातली एक नक्षी मी सतरंजीत आणायच्या खटपटीत आहे. एकदा जाताना त्यांनी एक जुनं पातळ माझ्या टोपलीत टाकलं. “याले बी घालजो,” म्हणाल्या. दीडशेचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

पूर्ण झालेल्या सतरंज्यांचं काय करता, हे लोक विचारतातच. एक देवघरापुढे आहे, एक मुलीच्या हॉस्टेलवर गेली, एकीवर कूलरची टाकी ठेवतो. बऱ्याच अजून दशा बांधायच्या राहिल्यात. चौकटीवरून उतरवल्यावर ताण्याच्या टोकांच्या गाठी मारणं हे या छंदातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळण्यासाठीच मी नवीन ताणा चढवतो, असा घरच्यांचा आरोप आहे. आरोप खरा आहे.

तुमच्या माळ्यावर मोडकी खाट असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. चौकट काढून घ्या, अर्ध्या अर्ध्या इंचावर खिळे मारा, सूत जरा चांगलं आणा. त्यात काटकसर केली की तुटून वैताग येतो. बाकी घरातली कुठलीही सुती साडी चालेल, फक्त फाडण्याआधी जिची आहे तिला विचारा. आणि सतरंजी कधी होणार असं कुणी विचारलं, तर तारीख तेवढी देऊ नका.