अंतोनीचा वाफा

संकेश्वरच्या शिवारात जमिनीची माया कुणाला समजावून सांगावी लागत नाही. हिरण्यकेशीकाठचा ऊस, माळाकडची मिरची, आणि वीतभर बांधापायी वर्षानुवर्षं एकमेकांचा उंबरा न चढणारे सख्खे भाऊ. म्हणूनच असेल, संत अंतोनीच्या चरित्रात मला सैतानानं मांडलेल्या छळाआधी त्याची जमीन दिसते.

गोव्या-बेळगावात नवस बोलतात तो हा अंतोनी नव्हे. तो पादुआचा, तेराव्या शतकातला. हा इजिप्तचा, इ.स. २५१च्या सुमारास जन्मलेला. विशीच्या आसपास आईवडील गेले. पदरात धाकटी बहीण आणि तीनशे अरूरा कसदार जमीन. आपल्या हिशेबानं दोनशे एकर. असेल ते विकून गोरगरिबांना द्यावं, हा येशूचा शब्द चर्चमध्ये कानावर पडला आणि त्यानं सगळं रान गावाला देऊन टाकलं. बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली केलं. इथं मी दर वेळी थांबतो. तिला कुणी विचारलं होतं का? बिशप अथानासियसनं लिहिलेल्या चरित्रात याचं उत्तर नाही. पण पुढं हीच बहीण म्हातारपणी अनेकींची पुढारीण झालेली भेटते, आणि तिला पाहून अंतोनी हरखतो. तेवढ्यानं जीव भांड्यात पडतो.

मग एकांतवासासाठी नाईलपारचा एक ओस किल्ला. संकेश्वरजवळच्या वल्लभगडावर गेलो की तो माझ्या डोळ्यांपुढं उभा राहतो. दार आतून चिणलेलं. वर्षातून दोनदा छपरावरून भाकरी खाली सोडायच्या, बस्स. अशी वीसेक वर्षं. शेवटी लोकांनी दार मोडलं. तो बाहेर आला, ना सुटलेला ना खंगलेला, गर्दी पाहून न बावरलेला.

उतारवयात तो तांबड्या समुद्राकडच्या डोंगरात राहिला. भाकरी पोचवणाऱ्यांचे वाळवंटात हाल होतात, हे पाहून त्यानं कुदळ, कुऱ्हाड आणि मूठभर धान्य मागवलं. पायथ्याशी, पाण्याच्या कडेला तुकडा हेरला, खणला, पेरला. दमूनभागून येणाऱ्यांसाठी भाजीचा वाफाही केला. पाण्यावर आलेली जनावरं पिकात शिरत. दोनशे एकर सहज सोडणारा हा माणूस त्या वाफ्यासाठी मात्र एका जनावराला हळूच धरून विनवतो, मी तुमचं काही बिघडवलं नाही, मग तुम्ही माझं का बिघडवता?

३५६ साली, एकशेपाच वर्षांचा होऊन तो गेला. वाटणीला मेंढीची दोन कातडी, अंगाखालचं एक पांघरूण आणि एक केसांचं वस्त्र. एक कातडं आणि पांघरूण अथानासियसला, दुसरं कातडं बिशप सेरापियनला, वस्त्र सेवा करणाऱ्या दोघा शिष्यांना. पुरल्याची जागा कुणालाही सांगू नका, असं त्यानं त्या दोघांना बजावलं होतं.