कैदी क्रमांक २७६

पोर्ट ब्लेअरला पोहोचलेला मराठी प्रवासी आधी सेल्युलर जेलकडे वळतो. सावरकरांची कोठडी आणि कोलू पाहिला, की अंदमान पाहून झालं असं त्याला वाटतं. या ओढीत गैर काहीच नाही. पण त्या तुरुंगाचं बांधकाम सुरू झालं १८९६ मध्ये आणि संपलं १९०६ मध्ये. काळ्या पाण्याची वसाहत मात्र १० मार्च १८५८ रोजी, डॉ. जे. पी. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन उतरला तेव्हाच सुरू झाली होती. सुरुवातीच्या त्या काळात कोठड्या नव्हत्या. पायात बेडी, हातात कुऱ्हाड, पुढे जंगल आणि मागे समुद्र, एवढाच तुरुंग. त्या काळातल्या कैद्याचा माग काढायचा, तर जेलची टेकडी उतरून अ‍ॅबर्डीनच्या धक्क्यावर यावं. येथून रॉस बेटाच्या होड्या सुटतात, आणि येथेच १८५९ च्या मे महिन्यातल्या अ‍ॅबर्डीनच्या लढाईत पडलेल्या अंदमानी माणसांचं स्मारक उभं आहे. दरवर्षी १७ मे रोजी त्यांना मानवंदना दिली जाते. या लढाईची खबर इंग्रजांना आधीच देणारा माणूस हिंदी कैदीच होता: दूधनाथ तिवारी, क्रमांक २७६. त्याच्या नावापुढे ‘फितूर’ हा शब्द आता जवळजवळ कायमचा लागला आहे. ज्या कागदांच्या आधारे तो लागला, ते नीट वाचले तर प्रकरण इतकं सरळ राहत नाही.

होडी काही मिनिटांतच रॉसला लागते. २०१८ पासून या बेटाचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. चर्च, बंगले, बेकरी सगळ्यांच्या भिंती झाडांच्या मुळांनी कवटाळल्या आहेत. १९४१ च्या भूकंपाने आणि पाठोपाठ आलेल्या जपानी ताब्याने इंग्रजांची ही राजधानी मोडली. या अवशेषांवरून साहेबांचं आयुष्य डोळ्यांपुढे उभं राहतं. कैद्यांचं राहत नाही, कारण त्यांनी तोडलेलं जंगल आणि बांधलेले रस्ते यांवर त्यांचं नाव नाही. ते नाव फक्त दप्तरात सापडतं, आणि तिथेही ठरावीक प्रसंगीच: माणूस आला, पळाला, फासावर गेला, किंवा सरकारच्या उपयोगी पडला. बेडी ओढत दहा वर्षं मुकाट्याने काम करणाऱ्याबद्दल कारकुनाला लिहिण्यासारखं काही नसे. दूधनाथविषयी आपल्याला इतकं कळतं, कारण तो आधी पळाला आणि मग उपयोगी पडला. त्याची गोष्ट वाचताना हे सतत ध्यानात ठेवायला हवं.

कागद सांगतात ते असं. तो बंगाल लष्कराच्या चौदाव्या पलटणीतला शिपाई. ही पलटण जुलै १८५७ मध्ये झेलमला उठली. बंड आणि पलायन या गुन्ह्यांसाठी त्याला जन्मठेप झाली, आणि ६ एप्रिल १८५८ रोजी कराचीहून आलेल्या जहाजातून तो इथे उतरला. २३ एप्रिलला, म्हणजे सतराव्या दिवशी, तो रॉसवरून तराफ्याने पळाला. बरोबर नव्वदच्या आसपास माणसं होती. ब्रह्मदेश इथून दहा दिवसांच्या वाटेवर आहे, असा त्यांचा समज होता. वाटेत होती फक्त उपासमार, तहान आणि अंदमानी बाण. बहुतेक सगळे मारले गेले. दूधनाथ घायाळ झाला, पण अंदमानींनी त्याला जिवंत ठेवलं, जखमांना लाल माती लावली, काही महिने संशयाने पाहिलं आणि मग टोळीत घेतलं. लीपा आणि जिगा या दोन स्त्रियांशी त्याचं लग्न लावून दिलं. वर्षभराने, वसाहतीवर मोठा हल्ला होणार हे कळताच तो सादलू नावाच्या दुसऱ्या कैद्यासह अ‍ॅबर्डीनला आला आणि त्याने इशारा दिला. आरमारी पहारा आणि ‘शार्लट’ जहाजाच्या तोफा सज्ज झाल्या. अंदमानींनी ठाणं घेतलं खरं, पण ते जेमतेम अर्धा तास टिकलं.

कुणी म्हणेल, ही सारी हकीकत साहेबांनीच लिहून घेतलेली. मग तिच्यावर विश्वास का ठेवायचा? सरसकट ठेवू नयेच. पण लिहिणाऱ्याला अडचणीचे तपशील जिथे आले आहेत, तिथे त्या कागदाचं वजन वाढतं. दूधनाथ पळाला त्याच वसंतात पळून पकडलेल्या ८६ कैद्यांना वॉकरने फाशी दिलं, आणि कलकत्त्याच्या सरकारला ते रुचलं नाही, हे सरकारी दप्तरातच आहे. त्याहून बोलकी नोंद एप्रिल १८५९ मधल्या हल्ल्यांची. कैद्यांच्या सांगण्याप्रमाणे अंदमानींचा रोख बेडी नसलेल्या, लाल पागोटं आणि पट्टा घातलेल्या मुकादमांवर होता; पायात बेडी असलेल्यांना त्यांनी बाजूला व्हायला खुणावलं. जंगल तोडणारे हात कोणाचे आणि हुकूम कोणाचा, हे त्या ‘रानटी’ ठरवलेल्या लोकांना कळत होतं. पण तो फरक दरवेळी पाळला गेला असंही नाही. त्याच महिन्यातल्या आधीच्या हल्ल्यात कैदीही मेले होते.

म्हणून दूधनाथने केवळ सुटकेच्या आशेने खबर दिली, हा आरोप मला कच्चा वाटतो. माफी मिळाली हे खरं, पण ती मिळाली ५ ऑक्टोबर १८६० रोजी, जवळजवळ सतरा महिन्यांनी आणि वॉकर गेल्यावर. पळालेल्याला फाशी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे स्वतःहून उभं राहणाऱ्याला माफीची खात्री कोणी दिली होती? अ‍ॅबर्डीनला निःशस्त्र झोपणारे शेकडो लोक त्याच्यासारखेच बेडीतले होते; त्यांच्या जिवाची काळजी त्याला वाटली असणं अशक्य नाही. माफीवरून सरकारने त्याची किंमत काय केली ते कळतं, त्याच्या मनात काय होतं ते नाही. आणि देशाशी द्रोह म्हणावं, तर १८५९ मध्ये झेलमच्या शिपायाला आणि तारमुगली बेटावरच्या अंदमानी शिकाऱ्याला एका देशात बसवणारी कल्पना दोघांकडेही नव्हती. ती आपली आहे, नंतरची आहे.

तरीही त्याला निर्दोष ठरवून मोकळं होता येत नाही. दप्तरात त्याची जबानी आहे, लीपाची नाही. तो गेला तेव्हा ती गरोदर होती, हे त्याच्याच जबानीतून कळतं. ज्यांनी त्याला मरणाच्या दारातून परत आणलं, त्यांच्यावर त्याच्या शब्दावरून तोफा डागल्या गेल्या. पुढे साहेबांनी अंदमानींसाठी ‘घरं’ उघडली. त्या घरांतून उपदंश आला, आणि १८७७ मध्ये गोवराने तर वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या. दूधनाथवर देशद्रोहाचा आरोप टिकत नाही. लीपाच्या माणसांशी केलेल्या विश्वासघाताचा टिकतो. २०११ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी ४४ उरले होते, आणि दक्षिण अंदमानची आका-बेआ भाषा बोलणारं आज कुणीही नाही.