डोंग्याने समुद्रात

महाशिवरात्रीची यात्रा संपली, गर्दी ओसरली आणि मी रोजच्यासारखा घाटावर जाऊन बसलो. आमच्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून तिचं एवढं महत्त्व. काठावर एकजण डोंगा पालथा घालून फळ्यांच्या फटींत डांबर भरत होता. जवळ गेलो तर माझाच जुना विद्यार्थी!

चाळीस वर्षांपूर्वीचा भूगोलाचा तास आठवला. सहावीचा वर्ग. नकाशावर नद्या दाखवत होतो, तेवढ्यात हा उभा राहिला, "सर, आमच्या डोंग्यानं समुद्रात जाता येते का जी?" मी हसलो. "अगोदर पाढे पाठ कर," म्हणालो. सगळा वर्ग हसला. त्यानंतर त्याने मला कधीच काही विचारलं नाही. सातवीनंतर शाळाही सुटली.

उत्तर तर माझ्या पाठीमागच्या नकाशातच होतं. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, तिथून ती प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला.

हे मनात टोचायला लागलं ते कमांडर दिलीप दोंदे यांच्याबद्दल वाचलं तेव्हापासून. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौका, 'म्हादेई', गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. लांबी ५६ फूट. दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१०ला परतले. प्रवास नऊ महिन्यांचा, पण तयारी २००६पासूनची! नौका बांधली जात असताना ते तिच्याजवळच असत. बरोबरच आहे. भर समुद्रात दोर तुटला, पंप बिघडला, तर मिस्त्री कुठून आणणार? झोपही तुकड्यातुकड्यांनी घ्यायची.

पुढे अभिलाष टॉमी यांनी तर २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी 'तुरीया' नावाची जेमतेम ३२ फुटांची नौका घेतली. तीही दांडेकरांनीच बांधलेली, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या 'सुहैली'च्या नमुन्यावर. ती मूळ सुहैली आपल्या मुंबईतच बांधलेली. शर्यतीत जीपीएस चालत नाही, सूर्य-तारे पाहून मार्ग काढायचा. हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. तीन दिवसांनी सुटका झाली. त्याच शर्यतीत ते २०२२ साली पुन्हा उतरले आणि २०२३मध्ये दुसरे आले!

हे सगळं मी घाटावर बसून त्याला सांगितलं. तो डांबर भरता भरता ऐकत होता. शेवटी म्हणालो, "बाबा, तुझा तो प्रश्न बरोबर होता. जाता येतं. मीच चुकलो."

तो मिश्किल हसला. "येते नं जी, सर. मले तवाच माहीत होतं. पन परत येताना धारेच्या उलट वल्हव लागते, त्याचा इचार पयले कराव लागते."

मग डोंग्यावर थाप मारून म्हणाला, "अन् एकट्या मानसाले आपल्या डोंग्याची फट न् फट ठाऊक पायजे जी."

दोंद्यांनी तीन वर्षं जे शिकलं ते हेच असावं. चाळीस वर्षं याला मी 'शाळा सोडलेला' म्हणत आलो. असो. त्या दिवशी घाटावर विद्यार्थी मी होतो.