जीर्णोद्धाराचा रस्ता

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेस उतरले, की लॅमिंग्टन रोड फारसा दूर नाही. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण लोकांच्या तोंडचा लॅमिंग्टन काही जात नाही!

एके काळी रेडिओचे सुटे भाग शोधीत हौशी मंडळी इथे येत. आता वापरलेल्या लॅपटॉपांचा बाजार वाढला आहे. कंपन्या तीन-चार वर्षांनी यंत्रे बदलतात; ती निवृत्त मंडळी अशा बाजारांत येतात. कारागीर त्यांचे पोट उघडतो, धूळ झटकतो, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतो, थकलेली बॅटरी बदलतो. आणि म्हातारबुवा टुणकन उठून बसतात!

एका दुकानात एक गृहस्थ कॉलेजात निघालेल्या मुलीसाठी लॅपटॉप पाहत होते. "जुना आहे गं," ते ओशाळून म्हणाले. ती हसली, "बाबा, ताईच्या जुन्या पुस्तकांवरच दहावी झाले ना मी!" त्यांच्या कपाळावरची आठी विरली.

१ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी या जीर्णोद्धारकांनाही नोंदणीची चौकट घातली आहे. तरी घेणाऱ्याने पावती आणि वॉरंटी मागावीच. यंत्र विंडोज ११ पेलते ना, हेही विचारावे. विंडोज १०चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. जीर्णोद्धार कोणता आणि नुसती रंगरंगोटी कोणती, हे अशा चार प्रश्नांतच उमगते.