आत्याची बावची

मागच्या महिन्यात आमच्या बेंगळुरूच्या घरी एक छोटी बाटली आली. बायकोने मागवलेलं सीरम होतं, चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्यांसाठी. लेबलवर नाव होतं ‘बाकुचिऑल’. मी ते दोनदा वाचलं. बाकुची म्हणजे आपली बावची! भालकीकडे काळ्या रानात आपोआप उगवणारं झुडूप. आमच्या घरात मात्र तिचं नाव सहसा कोणी काढत नाही.

कारण माझी आत्या. माझ्या जन्माआधीची गोष्ट. ती १९ वर्षांची असताना हातांवर कोडाचे पांढरे डाग आले. स्थळं बघायचे दिवस, त्यामुळे घर हादरलं. कोणीतरी सांगितलं, बावचीचं बी वाटून लावा आणि उन्हात बसवा. तिला मे महिन्याच्या उन्हात अंगणात बसवलं. दोन दिवसांत दोन्ही हातांवर टरारून फोड आले. ‘औषध लागू पडतंय’ म्हणून पुन्हा लेप दिला. भाजल्याच्या खुणा अजून आहेत. आत्या आजही उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालते.

तेच बी आता तोंडाला लावायचं? माझं रसायनशास्त्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर सुटलेलं. तरी त्या रात्री वाचत बसलो.

पहिलं आश्चर्य म्हणजे बाकुचिऑल वेगळं काढलं ते आपल्या पुण्यात. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गोवर्धन मेहता, यू. आर. नायक आणि सुख देव यांनी ते शोधलं आणि १९६६ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. हेच मेहता पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बावचीच्या बीत बाकुचिऑलसोबत सोरालेन नावाचं दुसरं द्रव्य असतं. ते त्वचेत मुरलं की सूर्याच्या अतिनील किरणांनी जागं होतं. मोजून दिलं तर त्वचेचा रंग परत यायला मदत होते. अंदाजाने दिलं तर कातडी भाजते. म्हणजे जुन्या जाणत्यांची ‘बावची आणि ऊन’ ही जोडी खोटी नव्हती. याच तत्त्वावर त्वचारोगतज्ज्ञ कोडावर उपचार करत आले आहेत, पण तिथे औषधाची मात्रा आणि किरणांचा वेळ दोन्ही मोजलेले असतात. आत्याच्या अंगणात यातलं काहीच मोजलं नव्हतं.

सीरमसाठी बाकुचिऑल शुद्ध करताना सोरालेन काढून टाकावं लागतं. त्वचेच्या डॉक्टरांच्या एका ब्रिटिश नियतकालिकात २०१८ साली आलेल्या चाचणीत ४४ जणांनी १२ आठवडे बाकुचिऑल किंवा रेटिनॉल लावलं. सुरकुत्या आणि काळे डाग दोन्हींनी सारखेच कमी झाले. चुरचुर आणि पापुद्रे निघणं रेटिनॉलमध्ये जास्त. आशा वाटावी असा निकाल आहे, पण ४४ जण म्हणजे फार थोडे. आम्ही सॉफ्टवेअरवाले एवढ्या चाचणीवर एखादं अ‍ॅपसुद्धा बाजारात सोडत नाही.

रविवारी आत्याला फोन लावला. तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर आम्ही पहिल्यांदाच बोललो. सगळं सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे बावची वाईट नव्हती बघ. किती लावायची अन् किती वेळ उन्हात बसायचं, एवढंच कोणी विचारलं नाही.”

मित्रांनो, आपल्या आज्या-आत्यांकडे अशी बरीच झाडं आणि बरेच उपाय आहेत. ते नक्की विचारा, लिहून ठेवा. पण कोणता भाग, किती, आणि कशासोबत चालत नाही, हेही विचारा. ‘झाडपाला आहे, अपाय होणार नाही’ असं म्हणणाऱ्याला बावचीची गोष्ट सांगा. बाटलीतलं काही नवीन लावणार असाल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघा. आणि कोड असेल तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कोड स्पर्शाने पसरत नाही, ते कोणाचं पापही नाही. हे आमच्या घरी तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर आत्याला उन्हात बसवायची एवढी घाई झालीच नसती.