लंगडण्याआधीचे आठवडे

वसई-विरारच्या नव्या वसाहतींत वाढणारी लॅब्रॅडॉर, रॉटवायलर अशा मोठ्या अंगाच्या जातींची पिल्ले पाच-सहा महिन्यांची झाली की पुढचा पाय जपून टाकू लागतात, ही तक्रार प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात वारंवार आली असून, तिच्यासोबत ‘फरशीवर घसरले असेल का?’ हा प्रश्न आणि आधीच सुरू केलेली कॅल्शियमची बाटली या दोन गोष्टी सहसा ठरलेल्या असतात. गुळगुळीत फरशीवरचा आरोप अगदीच निराधार नाही. परंतु पाय दुखू लागण्याच्या कितीतरी आधी सांध्यात काय घडलेले असते, याचा उलगडा त्यातून होत नाही.

प्रौढ प्राण्याच्या सांध्यातील कूर्चेत, म्हणजे हाडाच्या टोकावरील लवचिक आवरणात, रक्तवाहिन्या नसतात आणि तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील द्रवातून होते. वाढत्या पिल्लाची कूर्चा मात्र जाड असते, आणि तिच्या खोल थरांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या ‘कूर्चानलिका’ नावाच्या बारीक बोगद्यांतून आत शिरतात. कूर्चेचे हाडात रूपांतर होणारी सीमा जसजशी पुढे सरकते, तसतशा काही वाहिन्यांना हाडाच्या बाजूने नवी जोडणी मिळते, आणि याच जोडणीच्या जागी त्या तुटण्याचा धोका असतो. रक्तपुरवठा तुटला की त्यावर अवलंबून असलेला कूर्चेचा तुकडा मरतो. मेलेल्या भागाचे हाड होत नाही, आजूबाजूचे हाड पुढे वाढते आणि तो मऊ भाग आतच अडकून राहतो. पुष्कळदा तो पुढे भरून येतो. तसे न झाल्यास रोजच्या भाराने त्याला चीर जाते, वरची कूर्चा सुटते, आणि लंगडणे दिसते ते तेव्हा.

या विकाराला ऑस्टिओकाँड्रोसिस म्हणतात. फ्रान्झ कोनिग या जर्मन शल्यविशारदाने 1887 साली माणसाच्या सांध्यातील सुट्या तुकड्यांचे वर्णन करताना दाहसूचक नाव वापरले, आणि मुळाशी दाह नसूनही ते नाव टिकून राहिले. कॅथी कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये डुकरांच्या पिल्लांत कूर्चेचा रक्तपुरवठा मुद्दाम तोडून तसेच व्रण निर्माण केले, आणि 1995 मध्ये शिंगरांतही कूर्चानलिकांच्या रक्तपुरवठ्यातील दोषाचा पुरावा मांडला. कुत्र्यांमध्ये हा पुरावा तितका भक्कम नाही. तेथे आनुवंशिकता, झपाट्याने होणारी वाढ आणि आहार यांचा वाटा मानला जातो.

येथेच त्या बाटलीचा प्रश्न येतो. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हाझेविंकेल यांनी 1985 मध्ये ग्रेट डेन पिल्लांना जादा कॅल्शियम दिले असता त्यांच्या हाडांची वाढ बिघडल्याचे आढळले. मोठ्या जातीच्या, समतोल खाद्य खाणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणे म्हणूनच अनावश्यक, कधी घातकही ठरते. तरीही दुकानदाराचा सल्ला वैद्यकीय सल्ल्यापेक्षा आधी पोहोचतो, हा इकडचा अनुभव.

हा विकार खांद्यात असल्याचा संशय असल्यास क्ष-किरण तपासणीत दुसऱ्या खांद्याचेही चित्र घेणे इष्ट असते, कारण विकार बहुधा दोन्हीकडे असतो. सुटलेली कूर्चा काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर शल्यविशारद खड्ड्याचा तळ रक्त येईपर्यंत खरवडतो, आणि त्या रक्तातूनच तंतुमय, मूळच्यापेक्षा दुबळी, पण वापरण्याजोगी कूर्चा तयार होते.